कोर्स काढण्याआधी गेटवर जा: मराठवाड्यातल्या कॉलेजांसाठी एक कामचलाऊ वाट

बी.एस्सी. पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर असतोच. पोकळ नळीचा व्यास मोजायचा, पाच वाचनं घ्यायची, सरासरी काढायची, जर्नल लिहायचं, सरांची सही घ्यायची. तोच व्हर्निअर वाळूजच्या पार्ट बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर दिवसभर हातात असतो. तरीही आपला पदवीधर तिथल्या मुलाखतीत अडतो. सुपरवायझर एक ‘जॉब’, म्हणजे यंत्रावर बनलेला भाग, दाखवून विचारतो, ‘ड्रॉइंगवर २५ अधिक-उणे ०.०५ लिहिलंय, जॉब २५.०८ आलाय. पुढं पाठवशील का?’ सरासरी काढायला शिकलेल्या पोराला हा प्रश्न तीन वर्षांत कुणी विचारलेलाच नसतो.

हे अंतर तीस-चाळीस तासांत भरून निघतं. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही, ‘सेंटर ऑफ एक्सलन्स’चा बोर्डही लागत नाही. मी काही वर्षं एका तालुक्याच्या कॉलेजात कौशल्य कोर्सचं काम पाहिलं. त्यात जेवढं जमलं त्याहून जास्त फसलं. त्या फसण्यातून हाती आलेली वाट इथं लिहितोय. ती प्राचार्यांसाठी आहे, पण त्याहून जास्त त्या प्राध्यापकासाठी, ज्याच्या गळ्यात ‘कौशल्य समन्वयक’ ही जबाबदारी कुणीतरी घातलेली असते आणि ज्याला नेमकं काय करायचं हे कुणीच सांगितलेलं नसतं.

पहिलं काम: आपल्या पन्नास किलोमीटरचा नकाशा

‘मराठवाड्यातला उद्योग’ असं काही एकसंध नाही. छत्रपती संभाजीनगरात बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याभोवती गेल्या चार दशकांत सुटे भाग बनवणाऱ्यांचं जाळं उभं राहिलं. चिकलठाणा आणि शेंद्र्यात औषधनिर्मिती, प्लास्टिक, इलेक्ट्रिकल असं बरंच काही आहे. साठ किलोमीटरवरच्या जालन्यात मात्र जग बदलतं. तिथं रोलिंग मिल आणि भट्ट्या आहेत, बिलेट आणि सळई आहे. दुसरीकडे बियाण्याचा धंदा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको तिथंच सुरू केली आणि त्या मागोमाग अख्खं शहर बीजोत्पादनाला लागलं. लातूरला सोयाबीन, तूर, तेल गिरण्या, डाळ मिल आणि आडत बाजार. हिंगोली-वसमतला हळद. परभणीत कापूस, जिनिंग आणि १९७२ पासूनचं कृषी विद्यापीठ. बीड आणि धाराशिवमध्ये कारखाना म्हटलं की आधी साखर कारखाना आठवतो. नांदेडला गुरुद्वाऱ्यामुळे वर्षभर यात्रेकरू, तर वेरूळ-अजिंठ्याला पर्यटकांचा हंगाम.

आता आपल्या कॉलेजाभोवती पन्नास किलोमीटरचं वर्तुळ काढा. पन्नासच का? कारण आपली बहुतेक मुलं एसटीनं येतात आणि तेवढ्याच अंतरात रोज जाऊन येऊ शकतात. मुलींच्या बाबतीत हे अंतर अजून कमी धरा. महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे हे खरं, पण संध्याकाळी सातनंतर गावाला जाणारी गाडी आहे का, हा तिकिटाचा प्रश्न नाही. त्या वर्तुळात जे येतं तेवढंच तुमचं ‘प्रादेशिक उद्योगक्षेत्र’. उदगीरच्या कॉलेजनं वाळूजकडे पाहून कोर्स आखला तर तो स्थलांतराचा कोर्स होतो. तोही हवा असू शकतो, पण मग खोलीभाडं, मेस आणि पहिला पगार हातात येईपर्यंतचा महिना यांचा हिशोबही कोर्समध्येच करावा लागतो.

नकाशासाठी पुस्तकी अहवाल गोळा करत बसू नका. जिल्हा उद्योग केंद्र, जिल्हा कौशल्य विकास कार्यालय, कृषी विज्ञान केंद्र आणि बाजार समिती ही चार दारं ठोठावा. संभाजीनगरात असाल तर मासिआ आणि सीएमआयए या उद्योजक संघटनांकडेही जा. दोन दिवसांत तुमच्याकडे शंभरेक आस्थापनांची नावं जमतील. त्यातली वीस निवडा आणि त्यात छोट्या जास्त घ्या. मोठी कंपनी भरतीचे निकष वरून आणते. वीस-पंचवीस माणसांचा मालक मात्र समोर बसून सांगतो की त्याला कशाची अडचण आहे.

बातमी वाचून कोर्स काढू नका

हा मोह सगळ्यात मोठा. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करनं संभाजीनगरजवळच्या बिडकीनमधल्या सुमारे २०,००० कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. एथरनंही तिथंच इलेक्ट्रिक दुचाकींच्या कारखान्याची घोषणा केली. आमच्या ओळखीच्या तीन कॉलेजांत लगेच ‘ईव्ही टेक्नॉलॉजी’च्या प्रमाणपत्र कोर्सची पत्रकं छापली गेली. शिकवायला कोण? पदार्थविज्ञानाचे सर आणि यूट्यूब.

करार, जमीन, बांधकाम, यंत्रं आणि भरती यांच्यामध्ये वर्षं जातात. लातूरकरांना हे सांगायला नको. हरंगुळच्या रेल्वे कोच कारखान्याचं भूमिपूजन मार्च २०१८ मध्ये झालं, डब्याचा पहिला सांगाडा डिसेंबर २०२० मध्ये बाहेर पडला, आणि नियमित उत्पादनाची वाट त्यानंतरही कितीतरी काळ पाहावी लागली. घोषणेच्या वर्षी प्रवेश घेतलेलं पोरगं पदवी घेऊन, लग्न करूनही मोकळं झालं.

म्हणून घोषित कारखान्यासाठी पाया तयार करा: मोजमाप, ड्रॉइंग वाचणं, विजेची सुरक्षितता, मल्टिमीटर, कामाची नोंद. हे शिकलेलं पोर बिडकीन सुरू झालं तरी चालतं आणि लांबलं तरी वाळूजला चालतं. नेमक्या यंत्राचं प्रशिक्षण कंपनी स्वतःच देते, तिला ते आपल्याकडून नकोच असतं.

गेटवर काय विचारायचं

इथं सगळ्यात जास्त वेळ घालवा. आमची पहिली चूक प्रश्नावलीची होती. छान गुगल फॉर्म बनवला, कंपन्यांना पाठवला. ज्यांनी भरला त्यांनी लिहिलं: संवादकौशल्य, सांघिक वृत्ती, इंग्रजी, सकारात्मक दृष्टिकोन. या चार शब्दांवर कुठला कोर्स उभा राहणार? एचआरच्या माणसाला प्रश्नावली दिली की तो एचआरच्या भाषेतच उत्तर देतो. त्याचा दोष नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही फॉर्म सोडला आणि माणसं गाठली. एचआरला भेटून चहा घ्यायचा, पण मुख्य भेट सुपरवायझरची, लाइन लीडरची, क्वालिटीच्या माणसाची मागायची. पाळी बदलायच्या अर्धा तास आधी किंवा जेवणाच्या सुट्टीत. पहिल्याच भेटीत एक फोरमन म्हणाले, ‘सर, तुमची पोरं हुशार असतात हो. पण चूक झाली की लपवतात. मला लपवलेला एक जॉब दहा हजारांना पडतो.’ हे कुठल्या प्रश्नावलीत आलं असतं?

विचारायचे प्रश्न साधे ठेवा. नवीन लागलेला मुलगा पहिल्या सोमवारी नेमकं काय करतो? तिसऱ्या महिन्यात त्याच्याकडून काय अपेक्षा असते? गेल्या वर्षभरात किती जण सोडून गेले, आणि बहुतेक कितव्या महिन्यात? का गेले? शेवटची चूक कुठली झाली आणि ती कुणाच्या लक्षात आली? कुठल्या कामासाठी माणूस मिळत नाही म्हणून तुम्ही स्वतः थांबता? आणि शेवटी: असं काम येणारा मुलगा उद्या आणून दिला तर किती देणार, आणि तो कंपनीच्या रोलवर असेल की ठेकेदाराच्या?

शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. तरी विचाराच. वाळूज काय, जालना काय, सुरुवातीची बहुतेक भरती ठेकेदारामार्फत होते. जिथं दर सात महिन्यांनी माणूस बदलायचा असं आधीच ठरलेलं आहे, तिथं ‘मनुष्यबळाची टंचाई’ ही कौशल्याची टंचाई नसते. पगार आणि टिकाव यांची ती टंचाई असते, आणि आपला कोर्स ती भरून काढू शकत नाही. अशा जागेसाठी साठ तास शिकवून पोरं पाठवायची म्हणजे आपल्या खर्चानं ठेकेदाराची सोय करायची. मी असे दोन कोर्स चालवले. तिसरा चालवला नाही.

‘किती माणसं लागतील?’ हा प्रश्न मात्र टाळा. त्याला सगळे ‘शंभर पाठवा सर’ म्हणतात. ‘गेल्या वर्षी किती घेतली?’ हे विचारा. भूतकाळावर थापा मारणं अवघड असतं.

कामाचा कागद

वीस भेटी झाल्या की प्रत्येक कामासाठी एक कागद करा. डावीकडे तिथं हातानं होणारी कृती. मधल्या रकान्यात तीच किंवा तशी कृती आपल्या अभ्यासक्रमात कुठं आहे. उजवीकडे उरलेलं अंतर. हा कागद नीट झाला की कोर्स जवळपास तयार होतो. तीन नमुने देतो.

जालन्यातल्या बियाणे कंपनीची प्रयोगशाळा घ्या. तिथं रोजचं काम उगवण चाचणी. ४०० बिया मोजून घ्यायच्या, शंभर-शंभरचे चार संच करायचे, कागदात किंवा वाळूत लावायच्या, ठरलेल्या दिवशी मोजायच्या, सामान्य रोप, विकृत रोप, कडक बी, मेलेलं बी असे वेगळे करायचे. सोयाबीनचा निकष किमान ७० टक्के उगवण. मागं १९६६ चा बियाणे कायदा आहे, त्यामुळे नोंदीत चूक म्हणजे थेट कायद्याची भानगड. आता मधला रकाना: वनस्पतिशास्त्राच्या मुलांनी बीजांकुरणाचा प्रयोग केलेला असतो, पण दहा मुगांवर आणि आकृती काढण्यासाठी. अंतर काय? ४०० बियांची शिस्त, विकृत रोप ओळखण्याची नजर, लॉट नंबर, नमुना कसा घ्यायचा आणि कायद्याची चार पानं. चाळीस तास. साहित्य म्हणजे वाळू, कागद आणि बाजारातलं बी. खर्च पाहून आमच्या लेखापालांनी दोनदा विचारलं, एवढ्यात होतं?

औषध कंपनीचं आणखी मजेशीर आहे. रसायनशास्त्राच्या मुलाला टायट्रेशन येतं. अडचण येते ती लिहिण्याची. आपल्याकडे प्रयोग आधी रफ वहीत, मग घरी जाऊन फेअर, चुकलं तिथं व्हाइटनर. उत्तर ‘जुळवून’ आणायची परंपरा तर आपण प्राध्यापकांनीच पोसली आहे. औषध कंपनीत रफ कागद सापडला तर नोकरी जाते. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर दारातच बंद. हे शिकवायला नवा कोर्ससुद्धा लागत नाही. जर्नल लिहायची पद्धत पहिल्या वर्षापासून बदलली की झालं. विभागप्रमुखांना पटवायला मात्र एक सत्र गेलं, कारण रेघ मारलेलं जर्नल ‘घाण दिसतं’.

तिसरा नमुना लातूरचा, आणि इथं आमची फजिती झाली होती. बी.कॉम.च्या मुलांसाठी आम्ही साठ तासांचा टॅलीचा कोर्स घेतला. मुलं पास झाली, फोटो निघाले. आडत दुकानांत गेल्यावर एका मुनीमकाकांनी विचारलं, ‘बाळा, काटापट्टीवरून हिशोबपट्टी करता येते का? ओलावा चौदा निघाला तर शेतकऱ्याला काय सांगशील?’ मुलं एकमेकांकडे पाहायला लागली. काटापट्टी म्हणजे वजनाची चिठ्ठी आणि हिशोबपट्टी म्हणजे कपाती वजा करून शेतकऱ्याला द्यायच्या रकमेचा कागद, एवढंही त्यांना ठाऊक नव्हतं. आम्ही त्यांना टॅली शिकवली होती, धंदा दाखवलाच नव्हता. पुढच्या वर्षी कागद केला: ओलावा मापक वापरणं, सोयाबीनला सरकारी खरेदीचा निकष सर्वसाधारणपणे १२ टक्के ओलाव्याचा असतो हे माहीत असणं, माती-काडीकचरा-डागी दाण्यांची प्रतवारी, हमाली-तोलाईच्या कपाती, हिशोबपट्टी, जीएसटी आणि गोदाम पावती. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना समोर ठेवली: मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम, ६ टक्के व्याज, सहा महिने. आज विकू की तारण ठेवू, याचं गणित एका शेतकऱ्यासाठी मांडून दाखवायचं, हीच परीक्षा. बहुतेक मुलांनी आपल्याच घरच्या सोयाबीनचा हिशोब मांडला. या कोर्सची गिऱ्हाइकं मग फक्त आडतदार उरली नाहीत. शेतकरी उत्पादक कंपन्यांना हिशोब आणि प्रतवारी दोन्ही कळणारा माणूस हवाच असतो, आणि शहरातला सी.ए. फर्मचा मुलगा तिथं टिकत नाही.

विद्यापीठाच्या चौकटीत कुठं बसवायचं

संलग्न कॉलेजला मुख्य विषयाचा अभ्यासक्रम बदलता येत नाही, ही तक्रार खरी आहे. पण हात अगदीच बांधलेले नाहीत. नवीन शैक्षणिक धोरणाची क्रेडिट रचना राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आली. तिच्यात व्यावसायिक कौशल्याचे आणि कौशल्यवृद्धीचे वेगळे पेपर आहेत, क्षेत्रीय प्रकल्प आहे आणि कार्यांतर्गत प्रशिक्षण, म्हणजे ओजेटी आहे. बहुतेक ठिकाणी हे पेपर कार्यभार जुळवायला वापरले जातात. ज्या सरांचे तास कमी पडतात त्यांना तो पेपर. वरचा कामाचा कागद हातात असेल तर विभागाच्या बैठकीत भांडायला तरी काही असतं.

क्रम असा ठेवा. पहिल्या वर्षी ३० ते ६० तासांचा प्रमाणपत्र कोर्स, कॉलेजच्या पातळीवर. कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅक ३० तासांपासूनचे मूल्यवर्धित कोर्स मोजते, त्यामुळे आयक्यूएसीचे, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे, समन्वयक आपोआप तुमच्या बाजूनं येतात. (‘नॅकसाठी’ म्हणून कागदावर चाललेल्या कोर्सनीच आपल्या प्रमाणपत्रांची किंमत घालवली, हेही आहेच.) दोन तुकड्या नीट गेल्या की तोच आशय कौशल्य पेपरच्या रूपात अभ्यास मंडळापुढे न्या. तिथं उद्योगातल्या माणसालाही जागा असते, तो माणूस कोण आहे ते शोधा. बैठकीला बरेचदा तो नसतो, कारण त्याला तारीख आदल्या दिवशी कळते. स्वायत्त कॉलेज असाल तर हे सगळं वर्षभरात होतं. बी.व्होक. ही व्यावसायिक पदवी किंवा अप्रेंटिसशिप जोडलेली पदवी हा शेवटचा टप्पा. यूजीसीच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रं अप्रेंटिसशिपची असू शकतात. ऐकायला गोड वाटतं. पण सत्रभर मुलं सांभाळणाऱ्या किमान पाच कंपन्या हातात नसतील तर तिकडे वळू नका. मुलांची तीन वर्षं अडकतात.

एक गोष्ट सहसा कुणी पाहत नाही. एका वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला जादा ४ क्रेडिटचं कौशल्य पूर्ण केल्यावर प्रमाणपत्र मिळतं. आपल्याकडे पहिल्या वर्षानंतर कोण गळतं ते आपल्याला नावानिशी माहीत असतं: जिचं लग्न ठरलं ती, ज्याच्या वडिलांनी ऊसतोडीची आगाऊ उचल घेतली तो. ही ४ क्रेडिट कशाची ठेवायची हे ठरवताना त्या दोघांचे चेहरे समोर ठेवा. त्यांना ‘व्यक्तिमत्त्व विकास’ देऊ नका. काहीतरी असं द्या, ज्याचे उद्या पैसे येतील. सौर पंपाची जोडणी आणि दुरुस्ती घ्या. शेतोशेती सौर पंप बसले आहेत, आणि कंट्रोलर बंद पडला की शेतकरी आठ-आठ दिवस कंपनीच्या माणसाची वाट पाहतो. गावात राहून करता येईल असं काम यापेक्षा वेगळं कुठलं शोधणार?

शिकवणार कोण, कशावर

यंत्रं विकत घेऊ नका. एका संस्थेत सीएनसी यंत्र प्लास्टिकच्या आवरणासकट वर्षानुवर्षं उभं असलेलं मी पाहिलंय. थ्री-फेज जोडणीच नव्हती. संभाजीनगरात इंडो-जर्मन टूल रूम आहे, प्लास्टिक तंत्रज्ञानाची सिपेट आहे, विद्यापीठाच्या आवारात इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाची नाइलिट आहे. जवळपास प्रत्येक तालुक्यात शासकीय आयटीआय आहे आणि तिथली यंत्रं संध्याकाळी रिकामी असतात. प्राचार्य पातळीवर एक पत्र, तासाचा दर, मुलांचा विमा. एवढ्यावर जमतं. स्वतः घ्यायची ती हातातली अवजारं: मायक्रोमीटर, गो-नो-गो गेज (माप मर्यादेत आहे की नाही एवढंच सांगणारं), ओलावा मापक, मल्टिमीटर. कंपनीकडून नाकारलेले जॉब पोतंभर मागून आणा. फुकट मिळतात आणि त्यांच्यासारखं पाठ्यपुस्तक नाही. ‘यात काय चुकलंय ते शोध’ म्हटलं की शेवटच्या बाकावरचं पोरगंही पुढं येतं.

शिकवायला निवृत्त फोरमन, चालू सुपरवायझर, मुनीम, सीड अॅनालिस्ट. पदवी विचारू नका. यूजीसीनं २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय केली, पण आपल्या कामासाठी रविवारी सकाळी तीन तास येणारा माणूस पुरतो. मानधन ठरवा आणि त्याच महिन्यात द्या. सीएचबीच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, प्राध्यापकांना वर्ष-वर्ष थांबायची सवय लागली आहे, फोरमनला नाही. एकदा थकवलंत की तो परत येत नाही, आणि त्याच्या कंपनीचं दारही बंद होतं. त्याच्यासोबत वर्गात आपले एक प्राध्यापक बसलेच पाहिजेत, कारण तिसऱ्या वर्षी शिकवायचंय त्यांना. मे महिन्यात त्यांना आठवडाभर त्याच कंपनीत उभं करा. बूट घालून, पाळीच्या वेळेत.

कॅलेंडर शेताचं

जुलैचा शेवट ते सप्टेंबर हा आपला सर्वात चांगला काळ. पेरणी झालेली असते, मुलं वर्गात असतात. ऑक्टोबरात सोयाबीन काढणी लागली की निम्मा वर्ग शेतात. नंतर कापूस वेचणी. बीड, धाराशिवच्या आणि आसपासच्या तालुक्यांतली ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांची मोठी मुलं बरोबर जातात किंवा मागं राहून घर सांभाळतात. सत्र परीक्षा नोव्हेंबरात. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोर्स ठेवला की उपस्थिती पडणारच, आणि मग आपण म्हणणार, मुलांना रसच नाही.

धंद्याचा हंगामही पाहा. प्रतवारीचा कोर्स सप्टेंबरात संपला तर ऑक्टोबरला बाजारात माल येतो तेव्हा मुलगा तयार असतो. हळदीचं काम उन्हाळ्याच्या तोंडावर, वसमतच्या बाजारात माल उतरायला लागण्याआधी. पर्यटनाचा कोर्स दसऱ्याआधी संपवा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. सरावाच्या भेटी ठरवताना हे विसरून आम्ही एक अख्खी बस वेरूळच्या फाटकावरून परत आणली आहे.

ओजेटी आणि अप्रेंटिस

ओजेटी ४ क्रेडिटचं, म्हणजे साधारण १२० तासांचं. सध्या त्याचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे: मामाच्या दुकानाचं लेटरहेड, शिक्का, सही. ते थांबवायचा एकच उपाय मला सापडला. कॉलेजनं जागा आधी शोधायच्या आणि मुलानं रोज पाच ओळी लिहायच्या: आज हातानं काय केलं, काय चुकलं, कुणी दाखवलं. शेवटच्या शनिवारी प्राध्यापक प्रत्यक्ष जाऊन त्या पाच-पाच ओळींवर तोंडी विचारणार. मामाच्या दुकानातही चालेल, जर पाच ओळी खऱ्या असतील. किराणा दुकानाचा स्टॉक आणि उधारी हाही वाणिज्याचाच विषय आहे.

कंपनीशी करार एका पानाचा ठेवा. त्यात एवढं असलं पाहिजे: किती मुलं, कोणती पाळी, कोण शिकवणार त्याचं नाव आणि मोबाइल, सेफ्टी बूट कुणाचे, जेवण आणि बस, विमा, विद्यावेतन, परीक्षेच्या दिवसांत सुट्टी. मुलींसाठी पहिली पाळी आणि स्वच्छतागृह हे बोलण्यात सोडू नका, लिहूनच घ्या. व्यासपीठावर फाइल अदलाबदल करतानाचे करार मी बरेच पाहिले. त्यातल्या किती कंपन्यांचे फोन नंबर कॉलेजात कुणाकडे असतात, एवढंच विचारा.

पदवीनंतरच्या अप्रेंटिसशिपसाठी कायदा आपल्या बाजूचा आहे. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला, ठेक्यावरची धरून, मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात. छोट्या मालकांना हे माहीत असतं पण सरकारी नोंदणी पोर्टलची डोकेदुखी नको असते. आम्ही संगणक विभागाच्या दोन मुलींना ती नोंदणी शिकवली आणि मालकांना म्हणालो, अर्ज आम्ही भरून देतो, मुलं आमची घ्या. ही युक्ती कुठल्याही मेळाव्यापेक्षा जास्त चालली. त्या दोघींपैकी एकीला पुढं तेच काम नोकरी म्हणून मिळालं.

सहा महिन्यांनी फोन

निकाल मोजायचा तो नेमणूकपत्राच्या फोटोवरून नको. सहा महिन्यांनी प्रत्येक मुलाला फोन करा. अजून तिथंच आहेस का? हातात किती येतात? पहिल्या महिन्यात काय येत नव्हतं म्हणून अडलास? सोडलं असेल तर का? हे फोन प्राध्यापकांनी करू नयेत, मागच्या तुकडीच्या मुलांनी करावेत. सरांना पोरं खरं सांगत नाहीत, ‘सगळं चांगलं आहे सर’ म्हणतात. मित्राला खोलीभाड्यापासून सुपरवायझरच्या शिव्यांपर्यंत सगळं सांगतात. सुपरवायझरलाही एक फोन करा आणि एवढंच विचारा: असाच अजून एक घ्याल का?

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांनी पुढचा कोर्स बदलायचा. आमच्या तपासणीच्या कोर्समध्ये दुसऱ्या वर्षी ‘नाकारलेला जॉब कसा नोंदवायचा आणि वरिष्ठाला कसं सांगायचं’ याचे सहा तास आले ते असेच. पहिल्या भेटीतल्या फोरमननी लपवण्याबद्दल सांगितलं होतं, तरी आम्हाला त्याचा धडा करायला दोन वर्षं लागली.

आणि बंद करायचं आधीच ठरवा. सलग दोन तुकड्यांत निम्म्याहून कमी मुलं त्या कामात टिकली तर कोर्स थांबवायचा, असं सुरुवातीच्याच ठरावात लिहा. नंतर लिहिता येत नाही. तोवर एखाद्याचं मानधन, एखाद्याचा कार्यभार आणि संस्थाचालकांचं एखादं भाषण त्या कोर्सवर उभं राहिलेलं असतं. आमचा जुना टॅलीचा कोर्स आडत बाजाराच्या कोर्सशेजारी अजून दोन वर्षं चालला, फक्त त्याचा फ्लेक्स नवीन होता म्हणून.

मे महिन्यात माहितीपुस्तिका छापायला जाते. ती प्रेसला देण्याआधी त्याच वीस जागी पुन्हा फोन लावायचे. आमच्या वीसपैकी तीन कारखाने एका वर्षात बंद पडले होते, एकानं लाइन बदलली होती, आणि मुनीमकाकांच्या जागी त्यांचा पुतण्या बसला होता. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, ‘सर, गोदामाची ऑनलाइन पावती येणारं कुणी आहे का?’ त्या वर्षी सहा तास त्याला दिले.